अकरा टक्के शुल्क आणि अठरा क्विंटल कापूस: राळेगाव तालुक्यातल्या एका हंगामाचा हिशेब

पाच एकर कोरडवाहू वावर. त्यात तीन एकर पऱ्हाटी (कापूस), दोन एकर सोयाबीन. घरात दोन कर्ती माणसं, एक बैलजोडी, बँकेचं पीककर्ज आणि गावातल्याच व्यापाऱ्याकडून उचललेले थोडे पैसे. यवतमाळ जिल्ह्याच्या राळेगाव तालुक्यात असं घर शोधायला लांब जावं लागत नाही. इथलं कुटुंब कुठल्याही एका घराचं चित्र नाही. त्या भागात दिसणाऱ्या खर्चाच्या, उताऱ्याच्या आणि भावाच्या ठोकळ आकड्यांवरून जुळवलेला तो नमुना आहे. शुल्काचे दर, धोरणांच्या तारखा आणि हमीभाव मात्र प्रत्यक्षातले आहेत. हंगाम २०२५-२६ चा.

त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. या घराचा अठरा क्विंटल कापूस सरासरी ७,०४७ रुपयांनी गेला. का, असं गावात विचारलं तर एकच उत्तर येतं: सरकारनं बाहेरचा कापूस आणला. हे उत्तर खोटं नाही. पण हिशेब मांडला तर भावातल्या खड्ड्याचा साधारण चाळीस टक्के भागच त्यातून भरतो. उरलेला खड्डा कुठून आला ते कळल्याशिवाय पुढच्या हंगामाचं काही ठरवता येत नाही.

ऑगस्टमध्ये काय झालं

अमेरिकेनं भारतीय मालावर ७ ऑगस्ट २०२५ पासून २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के शुल्क लावलं. तयार कपडे, चादरी, टॉवेल यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिकाच. तिरुपूर, पानिपत, सोलापूर सगळीकडे ऑर्डरी अडकल्या. गिरण्यांची जुनी मागणी होती की कच्चा माल तरी जागतिक भावात मिळू द्या. २०२१ च्या अर्थसंकल्पापासून आयात कापसावर ५ टक्के सीमाशुल्क, ५ टक्के कृषी अधिभार आणि त्यावर समाजकल्याण अधिभार, असं मिळून ११ टक्के लागत होतं. केंद्रानं ते १९ ऑगस्टपासून ३० सप्टेंबरपर्यंत माफ केलं. मग २८ ऑगस्टला ही मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली.

या दोन निर्णयांत मोठा फरक आहे, आणि त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. ब्राझीलहून जहाजानं कापूस यायला पाच ते सात आठवडे लागतात. सौदा, कागदपत्रं, बंदरावरची सोडवणूक धरली तर दोन महिने. म्हणजे ३० सप्टेंबरची मुदत राहिली असती तर फायदा झाला असता तो आधीच समुद्रात असलेल्या मालाला. त्या दिवसांत विदर्भात नवा कापूस बोंडातच असतो. ३१ डिसेंबर म्हटल्यावर नवे सौदे करायला मोकळीक मिळाली आणि तो माल नेमका ऑक्टोबर ते डिसेंबरच्या आवकेवर येऊन पडणार हे ठरलं. राळेगावच्या कास्तकाराला पहिला निर्णय बोचला नसता. दुसरा बोचला.

बंदरापासून वावरापर्यंतचं गणित

जिनिंगवाला, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करणारा, सकाळी भाव फोडतो तेव्हा तो मनातल्या मनात उलटा हिशेब करत असतो. तो कागदावर मांडू. आंतरराष्ट्रीय बाजारात रुईचा भाव पौंडाला सेंटमध्ये, आपल्याकडे खंडीला रुपयांत. एक खंडी म्हणजे ३५६ किलो, ७८४ पौंड.

त्या काळात न्यूयॉर्कचा वायदा ६५ सेंटच्या आसपास होता. दर्जाचा फरक आणि जहाजभाडं धरून ब्राझीलची रुई आपल्या बंदरात ७४ सेंटला पडते असं धरू. डॉलर ८८ रुपये. ७८४ गुणिले ७४ सेंट म्हणजे सुमारे ५८० डॉलर, म्हणजे ५१,००० रुपये. बंदरावरचा खर्च आणि गिरणीपर्यंतची वाहतूक १,२०० रुपये. शुल्क माफ असताना गिरणीला खंडी ५२,२५० ला पडली. शुल्क असतं तर ५,६०० रुपये वाढून ५७,८५० च्या घरात गेली असती.

आता राळेगावकडून. क्विंटलभर कापसात ३४ किलो रुई, ६३ किलो सरकी, बाकी कचरा आणि घट. एक खंडी रुईला १०.४७ क्विंटल कापूस लागतो आणि त्यातून ६६० किलो सरकी निघते. सरकी ३३ रुपये किलो धरली तर २१,८०० रुपये. जिनिंग-प्रेसिंग, गाठीचं बारदान, नफा मिळून ३,००० रुपये. गिरणी आयात मालाइतकेच पैसे देणार, त्यातून जिनिंगचा खर्च वजा, सरकीचे पैसे जमा, भागिले १०.४७. शुल्क माफ असताना कापसाला परवडणारा भाव निघतो सुमारे ६,७८५ रुपये. शुल्क लागू असतं तर ७,३२० रुपये.

फरक क्विंटलला ५३५ रुपयांचा. शुल्कमाफीनं कास्तकाराच्या खिशातून गेले ते एवढे. पण ७,३२० आणि ८,११० मध्येही जवळपास आठशे रुपयांची दरी आहे. शुल्क होतं तसं राहिलं असतं तरी खासगी बाजारात हमीभाव मिळाला नसता. कारण जगाचा भावच खाली होता आणि आपला हमीभाव उत्पादनखर्चावर ठरतो. आपल्याकडे हेक्टरी रुई साडेचारशे किलोच्या आसपास, विदर्भाच्या कोरडवाहू वावरात त्याहूनही कमी. ब्राझीलमध्ये अठराशेच्या वर. तिकडे सोयाबीन काढून त्याच वावरात कापूस घेतात आणि वेचणी पूर्ण यंत्रानं होते. किलोमागचा खर्च इथे जास्त पडणारच.

याच गणितातून तीन ठोकताळे हाताशी येतात. न्यूयॉर्कचा भाव एक सेंट हलला की कापूस क्विंटलला सुमारे ६५ रुपये हलतो. डॉलर एक रुपयानं हलला की ५५ रुपये. आणि सरकी किलोला एक रुपया हलली की ६३ रुपये.

तिसऱ्याकडे कुणाचं लक्ष नसतं. कापसाच्या किमतीतला जवळपास तिसरा हिस्सा सरकीचा असतो. सरकीचा भाव तेल आणि ढेपीवर. ३० मे २०२५ ला कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ सीमाशुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलं गेलं. मलेशिया-इंडोनेशियाचं पाम तेल स्वस्त झालं की सरकी तेल फार वर राहू शकत नाही. ढेपीच्या बाजूनं वेगळीच अडचण. मक्यापासून इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो तो पशुखाद्यात स्वस्तात येऊन बसला आहे. सरकीत तीन रुपये गेले तर क्विंटलला एकशे नव्वद रुपये गेले, म्हणजे कापसावरच्या शुल्कमाफीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त. त्यावर मोर्चा निघत नाही.

तीन एकरांचा ताळेबंद

एकरी खर्च असा: बीटीची दोन पाकिटं ९०१ रुपयांप्रमाणे १,८०२, नांगरटी, वखरणी ३,०००, खतं ३,६००, टोबणी ८००, दोन निंदणं ४,५००, चार डवरण्या २,४००, फवारणी ५,०००, सहा क्विंटलची वेचणी किलोला ११ रुपयांनी ६,६००, भराई आणि वाहतूक ९००. बेरीज २८,६०२. घरच्या माणसांची मजुरी आणि जमिनीचा खंड यात धरलेला नाही.

हमीभावानं सहा क्विंटलचे ४८,६६० येतात, हाती उरतात २०,०५८. भाव ६,९०० मिळाला तर ४१,४०० येतात, उरतात १२,७९८. भाव पंधरा टक्के घसरला, शिल्लक मात्र छत्तीस टक्क्यांनी. खर्च आधीच होऊन गेलेला असतो, त्यामुळे भावातली सगळी घट शिल्लकेतूनच जाते. जागतिक भावाचा झटका किती बसला हे भावफलकावर दिसत नाही, ते इथे दिसतं.

वेचणीची मजुरी आणि ओलावा

वेचणी किलोवर असते. पहिल्या वेच्याला बोंडं फुटून लोंबत असतात. एक बाई दिवसाला ३५ किलोपर्यंत वेचते. तिसऱ्या वेच्याला १८ किलो झाले तरी पुष्कळ. दर किलोला दहाचा बारा केला तरी दिवसाची मजुरी साडेतीनशेवरून सव्वादोनशेच्या खाली येते. मग बाया येत नाहीत. भाव पडलेला असताना कास्तकारही दर वाढवत नाही. उरलेली कवडी (बोंडात अडकलेला हलका कापूस) तशीच सोडून पऱ्हाटी उपटतो. बायांचे तेवढे दिवस गेले. तिकडे चोरबीटी, म्हणजे तणनाशक सहन करणारं बियाणं, पसरल्यापासून तणनाशक मारून निंदण उरकलं जातं, म्हणजे जुलै-ऑगस्टचे मजुरीचे दिवसही कमी झालेले. ते बियाणं मान्यताप्राप्त नाही, त्यामुळे फसलं तर दाद मागायची सोय नाही. तरीही पसरतं, कारण एकरी साडेचार हजारांचं निंदण वाचतं. कापसाचा भाव पडतो तेव्हा मजुरीचा दर सहसा कमी होत नाही. कामाचे दिवस कमी होतात.

आता ओलावा. भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव देतं. त्यावर प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात, १२ च्या वर माल परत. त्या वर्षी पावसानं ऑगस्ट-सप्टेंबरात पिकं झोडपली होती आणि ऑक्टोबरचा पहिला वेचा चौदा-पंधरा टक्क्यांवर निघत होता.

इथे एक गैरसमज आहे: कापूस जितका वाळवाल तितके पैसे जास्त. आकडे बघा. १२ टक्के ओलाव्याच्या एका क्विंटलला ४ टक्के कपातीनं ७,७८६ रुपये मिळतात. तोच ८ टक्क्यांपर्यंत वाळवला तर वजन ९५.६५ किलो उरतं, त्याचे ८,११० च्या दरानं ७,७५७ येतात. म्हणजे १२ च्या खाली वाळवण्यात मेहनतच फुकट. खरा फायदा १५ वरून १२ वर आणण्यात आहे. वजन ९६.६ किलो होतं, पैसे येतात ७,५२०. तोच ओला क्विंटल गावात ६,४०० ला जातो. हजार-अकराशे रुपयांचं हे काम उन्हात तीन-चार तासांचं आहे. ताडपत्री टाकायची, वीतभरापेक्षा जाड थर करायचा नाही, दोनदा खालवर करायचा आणि दव पडायच्या आत झाकायचा. दुसऱ्या दिवशी गाडी भरताना पहाटे उघडा ठेवला तर दवानं दोन टक्के परत चढतात आणि केंद्रावरच्या मीटरसमोर वाद होतो.

वेचणीचा करार याच्या आड येतो. किलोवर मजुरी असली की सकाळी सातला दवातच वेचायला सुरुवात होते. ओला कापूस जड भरतो. वेचणाऱ्या बाईचा त्यात काही दोष नाही, दराची रचनाच तशी आहे. काही जण दहानंतर वेचायचं ठरवून किलोला रुपया वाढवून देतात. क्विंटलला शंभर रुपये जातात, पण माल केंद्रावर परत जात नाही.

अठरा क्विंटल कुठे गेले

दिवाळी २०-२१ ऑक्टोबरला होती. पहिला वेचा पाच क्विंटल निघाला आणि त्याच आठवड्यात गेला. खेडा खरेदीवाला दारात येतो, मीटर नसतो, हातानं दाबून सांगतो: "भाऊ, माल ओला हाये, चौसष्टच्या वर जमत नाही." वर क्विंटलमागे कट्टी, म्हणजे वजनातली कपात. ती सोडली तरी पाच क्विंटलचे ३२,०००. सीसीआयची खरेदी दिवाळीनंतरच जोरात आली. दिवाळीच्या किराण्यासाठी आणि रब्बीच्या हरभऱ्याच्या बियाण्यासाठी थांबायला कुणाला वेळ होता?

दुसरा वेचा आठ क्विंटल, नोव्हेंबरात खासगी जिनिंगला ६,९०० नं: ५५,२००. तिसरा पाच क्विंटल जानेवारीत सीसीआयला. धाग्याची लांबी थोडी कमी म्हणून ८,०१० चा दर्जा लागला, ओलावा ९ टक्के, हाती ७,९३० च्या दरानं ३९,६५०. एकूण १,२६,८५०. सगळा माल हमीभावानं गेला असता तर १,४५,९८० आले असते. तूट १९,१३०. त्यातली साडेआठ हजारांची तूट एकट्या पहिल्या वेच्याची. एकूण मालात त्याचा वाटा अठ्ठावीस टक्के, तुटीत मात्र पंचेचाळीस.

एक विचित्र गोष्ट अशी की सगळ्यात चांगला धागा पहिल्या-दुसऱ्या वेच्यात असतो. तो व्यापाऱ्याकडे गेला आणि सगळ्यात हलका माल सगळ्यात जास्त भावानं सरकारनं घेतला.

सीसीआय घेते त्या कापसावरचा तोटा सरकारी तिजोरी सोसते. रुई जागतिक भावात लिलावानं विकायची आणि फरक केंद्रानं भरायचा. बाजारात जातो त्यावरचा तोटा कास्तकार सोसतो. म्हणून खरा प्रश्न केंद्रापर्यंत कोण पोचतं हा आहे. त्या वर्षी ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी सक्तीची झाली: आधार, सातबारा, पीकपेरा, मोबाइल, मग बाजार समितीकडून पडताळणी, मग दिवस-वेळेचं आरक्षण. अडतं ते ठरावीक ठिकाणी. ई-पीक पाहणी राहिलेली असते, कारण वावरात रेंज नव्हती किंवा नंतर करू म्हणून राहून गेलं. सातबारा बापाच्या नावावर आणि आधारशी जोडलेला मोबाइल मुलाचा. सामाईक खात्यात एकानं नोंदणी केली की दुसरा अडकतो. एकरी खरेदीची मर्यादा जिल्ह्याच्या सरासरी उताऱ्यावर असते, त्यामुळे ज्याला चांगलं पिकलं त्याचा वरचा माल बाहेर राहतो. मक्त्यानं किंवा बटईनं वावर करणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसतंच. त्याचा कापूस व्यापारी घेतो आणि तोच माल दुसऱ्या कुणाच्या सातबाऱ्यावर केंद्रावर जातो. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात. ज्याचं पीककर्ज थकलंय त्याला बँक ते पैसे कर्जात वळते करील ही धास्ती असते, म्हणून तो रोख देणाऱ्याकडे वळतो.

शुल्कमाफी चूक होती का? गिरण्यांची अडचण खरी होती. सूतगिरणी बंद पडली तर उद्या रुई घेणार कोण. पण अमेरिकेनं तिरुपूरवर टाकलेलं ओझं कमी करताना ते कुणाच्या खांद्यावर जाणार याचा हिशेब झाला नाही. मुदत ३० सप्टेंबरला थांबवता आली असती, किंवा ऑक्टोबर ते डिसेंबरात खासगीत विकलेल्या मालाला फरक देता आला असता. त्याच हंगामात मध्य प्रदेशानं सोयाबीनला भावांतर (बाजारात कमी पडलेल्या भावाची भरपाई) दिलं. कापसाला क्विंटलमागे ५३५ रुपये द्यायला गणित काही अवघड नव्हतं.

या घराला काय करता येतं

न्यूयॉर्कचा भाव आणि दिल्लीची अधिसूचना हातात नाही. पहिल्या वेच्याचे पाच क्विंटल आहेत. ते पंधरा टक्क्यांवरून बारावर आणून जानेवारीपर्यंत थांबवले तर ४.८३ क्विंटल उरतात, ७,७८६ नं ३७,६०० येतात. फायदा ५,६०० रुपयांचा. महिना तीन टक्के व्याजानं ३२,००० तीन महिने उचलले तर व्याज २,८८०. वाहतूक आणि भराई हजारभर. तरी सतराशेच्या आसपास उरतात. सावकारी व्याजातही थांबणं परवडतं, पण जेमतेम. आणि खेडा खरेदीवाला नि उधार देणारा एकच असेल तर माल त्यालाच घालायची अट आधीच असते.

त्यापेक्षा सोयाबीनकडे बघावं. कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण कर्ज योजनेत बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून किमतीच्या पंच्याहत्तर टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजानं मिळते, मुदत सहा महिने. त्यात सोयाबीन आहे, कापूस नाही. दोन एकरांत दहा क्विंटल सोयाबीन झालं आणि बाजारात भाव ४,००० असला तर ३०,००० हाती येतात. दिवाळी आणि हरभरा त्यात निघतो, तीन महिन्यांचं व्याज साडेचारशे. म्हणजे दिवाळीला कापसाऐवजी सोयाबीन पुढे करायचं आणि कापूस झाकून ठेवायचा. बहुतेक घरांत उलटं होतं, सोयाबीन मळणीच्या दुसऱ्या दिवशी अडत्याकडे आणि त्यामागोमाग कापूस.

अटी आहेत. बाजार समिती योजना चालवते का आणि गोदामात जागा आहे का, हे सप्टेंबरातच विचारावं लागतं. सोयाबीन बारा टक्क्यांच्या आत वाळलेलं, चाळलेलं हवं. पावसात भिजून काळं पडलेलं घेत नाहीत. कापूस घरात ठेवायचा तर भिंतीपासून हातभर दूर, जमिनीवर फळ्या किंवा तुराट्या टाकून, चुलीपासून लांब, आणि सोयाबीनच्या कुटाराच्या (भुसाच्या) खोलीत अजिबात नाही. कुटार मिसळलेल्या कापसाला ग्रेडर पहिल्याच मुठीत खाली काढतो. पॉलिथिनच्या गोण्यांतही भरू नये. त्यांचे धागे रुईत जातात आणि हाच कचरा पुढे करून गिरण्या इथल्या गाठींना भाव कमी देतात.